सगळ्यांच्या तोंडी घोडा

एक ते दहामधला कुठलाही आकडा मनात धरा. त्याला नवाने गुणा. उत्तर दोन अंकी आलं असेल तर त्या दोन अंकांची बेरीज करा, एकच अंक असेल तर तसाच राहू द्या. आता त्यातून पाच वजा करा. उरलेला आकडा जितका, तितकं अक्षर क, ख, ग अशा क्रमाने मोजा. त्या अक्षरावरून सुरू होणारा एखादा प्राणी मनात आणा आणि त्याचा रंगही. थांबायचं नाही, विचार करायचा नाही.

पांढरा घोडा ना?

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर भेळ खाताना हा प्रश्न टाका, नाहीतर सांगलीत आयर्विन पुलावर वारा खात उभ्या असलेल्यांना विचारा. बहुतेकांच्या तोंडी घोडाच येतो, आणि त्यातले बरेच जण तो पांढराच रंगवतात. मग समोरचा डोळे मोठे करतो, सोबतच्याकडे बघतो आणि म्हणतो, "आयला, तुला कसं कळलं?" हे पुस्तक अशाच प्रश्नांचं आहे. संपादक दोघे, दोघेही माध्यमिक शाळेतले शिक्षक, एक साताऱ्याचा आणि एक सांगलीचा. ऑफ तासाला वर्ग शांत ठेवायचा म्हणून त्यांनी हे प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे सहली, शिबिरं, लग्नाच्या पंगती, जिथे चार माणसं जमतील तिथे विचारत आणि टिपून ठेवत गेले. प्रश्न त्यांनी जमवले. सगळ्यांची उत्तरं सारखी का येतात, एवढं मात्र प्रस्तावनेत तुम्ही लिहा, असं म्हणून बाड माझ्याकडे पाठवलं. अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची ही रीत जुनीच.

आपल्याकडच्या कोड्यांची आणि उखाण्यांची जात या प्रश्नांहून अगदी निराळी. कोड्याचं उत्तर दडवलेलं असतं आणि ज्याला सापडतं तो हुशार ठरतो. इथे उत्तर उघड्यावर पडलेलं असतं. सगळ्यांना तेच सापडतं आणि गंमत नेमकी त्याचीच वाटते.

घोड्याच्या खेळात दोन वेगळ्या गोष्टी एकाला एक जोडून दिल्या आहेत आणि तो जोड लक्षात येऊ नये यातच सारी खुबी आहे. पहिला भाग निव्वळ गणिताचा. 9, 18, 27, 36 असं 90 पर्यंत जा, अंकांची बेरीज दर वेळी 9 येते. आकडा तुम्ही निवडला असं तुम्हाला वाटतं, पण तीन धरा की आठ, पाच वजा केल्यावर चारच उरतात आणि चौथं अक्षर घ. इथे तुमच्या मनाचा काही संबंधच नाही.

अशा सक्तीच्या गणिताचा आपला सर्वांत मोठा माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म 1905 चा, डहाणूचा. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापकी नाही, हातात खडू आणि वही. त्यांनी 1949 मध्ये मांडलेला खेळ असा: चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. 3524 घेतली तर 5432 मधून 2345 जाऊन 3087 येतात. पुढे 8730 मधून 0378 जाऊन 8352. मग 8532 मधून 2358 जाऊन 6174. इथून पुढे कितीही वेळा करा, 6174 च. संख्या कुठलीही घेतलीत तरी फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामाला पोचता. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. वर्गातल्या पन्नास पोरांनी पन्नास वेगळ्या संख्या घेऊन शेवटी एकच उत्तर फळ्यावर लिहावं, हे दृश्य भल्याभल्यांना चकित करतं. पण त्या पन्नास पोरांची मनं सारखी आहेत असा अर्थ त्यातून कुणी काढत नाही.

घ पासून पुढचं मात्र मनाचं राज्य. तिथे सक्ती नाही. घुबड, घार, घोरपड, घोणस अशी नावं मराठीत आहेत आणि या दोन जिल्ह्यांत ती सगळ्यांना ठाऊक आहेत. तरी घोडाच का? एक तर 'प्राणी' म्हटल्यावर आपल्यासमोर चार पायांचं, बऱ्यापैकी मोठं जनावर उभं राहतं. घार हाही प्राणीच, पण मनाच्या हिशेबात ती पक्ष्यांच्या खात्यावर. दुसरं म्हणजे घोडा आपण गोष्टींत, गाण्यांत, बुद्धिबळात, म्हणींत इतक्या वेळा उच्चारलेला असतो की हाक मारायच्या आत तो दारात हजर. रंगाचंही तेच. प्रत्यक्ष पाहिलेले घोडे आठवा, टांग्याचे, माथेरानचे, महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी फिरवतात ते. त्यात तांबूस आणि करडेच जास्त. पांढरा आला तो चित्रातून. पालीच्या खंडोबाचा फोटो कराड-पाटण भागात कितीतरी घरांत असतो, त्यातला घोडा पांढरा. कॅलेंडरवरचा पांढरा, वरातीचाही शक्यतो पांढराच शोधतात. म्हणजे घाईत हाती लागतो तो चित्रातला, टांग्याचा मागेच राहतो.

मानसशास्त्रात याचा शोध फार पूर्वीपासून चालला आहे. 1910 मध्ये अमेरिकेत केंट आणि रोझानॉफ यांनी शंभर शब्दांची यादी हजार लोकांना ऐकवली आणि प्रत्येक शब्दावर सुचलेला पहिला शब्द लिहून घेतला. एका शब्दाला कुणी काय म्हणावं याला बंधन नसताना काही उत्तरं पुन्हा पुन्हा आली. 1969 मध्ये बॅटिग आणि माँटेग्यू यांनी विद्यार्थ्यांना 56 वर्ग दिले, फळ, फर्निचर, वाद्य असे, आणि प्रत्येकाला तीस सेकंदांत सुचतील तितकी नावं लिहायला लावलं. पुढे एलिनॉर रॉश यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की एखाद्या वर्गातले सगळे सभासद मनात एका पंगतीला बसत नाहीत. कोण जास्त 'पक्षी' आणि कोण कमी, याची एक उतरंड असते. त्यांच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना रॉबिन हा अस्सल पक्षी वाटला. चिऊ-काऊच्या गोष्टीवर जेवलेल्या आपल्या पोरांना रॉबिन काय सांगणार? इथे चिमणी येते.

बॅटिग-माँटेग्यूंच्या यादीतला वाद्याचा प्रश्न मिरजेत नेऊन विचारा. इतरत्र तबला किंवा पेटी येईल. सतारमेकर गल्लीत ज्या घरांत भोपळे वाळत पडलेले असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तारा लावल्या जातात, तिथलं पोर सतार म्हणेल, फार तर तंबोरा. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पोराला त्याची गरज नव्हती.) एक फळ सांगा म्हटलं की महाराष्ट्रात आंब्याला तोड नाही, पण तासगाव भागातल्या एका शाळेत मी हा प्रश्न टाकला तेव्हा मागच्या बाकावरून आधी आलं ते "द्राक्ष". त्याच्या पाठोपाठ कुणीतरी "बेदाणा" म्हणालं आणि बेदाणा फळ आहे की नाही यावर वर्गात वाद सुरू झाला. पाचगणीत हाच प्रश्न स्ट्रॉबेरीपाशी थांबेल. पिवळी वस्तू विचारली तर हरिपूरच्या माणसाला हळद सोडून दुसरं काही सुचणं कठीण. ज्या गावाने जमिनीत पेवं खणून हळद साठवली, त्याला लिंबू आणि सोनं मागाहून आठवतं. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत वाढलेल्या मुलाने घ वरून घोणस म्हटलं तर संपादकांचा खेळ फसतो. मला मात्र अशा फसण्यातच जास्त माहिती दिसते.

उत्तर सारखं येतं ते माणसांची मनं एका साच्याची असतात म्हणून नव्हे. घाईत मन खोल जात नाही, वरच्या फळीवरचं उचलतं, आणि वरची फळी आपण एकट्याने लावलेली नसते. शाळा, बाजार, देवघर, पीक आणि टीव्ही यांनी मिळून ती लावलेली असते. ज्यांची फळी एकाच हातांनी लावली, त्यांचं उत्तर एक. या अर्थाने झटपट उत्तर म्हणजे माणसाचा पत्ताच, बरेचदा तालुक्यासकट.

प्रश्न कसा विचारला यावर फळी बदलते, हेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजीतला प्रसिद्ध खेळ असा: आधी दोन-चार बेरजा भराभर करायला लावायच्या आणि लगेच म्हणायचं, एक रंग आणि एक टूल सांगा. तिकडे 'लाल हातोडी' येते. तोच प्रश्न मराठीत 'अवजार' म्हणून विचारा, वाळवा-कडेगावकडे हातोडी मागे पडते आणि खुरपं, विळा, नांगर पुढे येतात. 'हत्यार' म्हटलंत तर तलवार. किर्लोस्करवाडीत कारखान्याच्या कॉलनीत विचाराल तर पाना येईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये ती वसाहत उभी केली ती लोखंडी नांगराच्या जोरावर, तरीही. रंगसुद्धा वयाप्रमाणे बदलतो. इंग्रजी शाळेतला नातू 'लाल' म्हणतो आणि आजी 'तांबडा'.

आकड्यांचे प्रश्न या संग्रहात पुष्कळ आहेत, माझ्या मते जरा जास्तच. त्यातला सात मात्र सोडण्यासारखा नाही. 1976 मध्ये कुबोव्ही आणि सोटका यांनी येल विद्यापीठाच्या परिसरात 558 जणांना मनात येईल तो पहिला अंक सांगायला लावलं. 28.4 टक्के लोकांनी सात सांगितला. दहा अंकांत सारखी वाटणी झाली असती तर एकेकाच्या वाट्याला दहा टक्के आले असते. यामागचं कारण मला फार आवडतं. लोकांना उगाच, सहज आलेला आकडा द्यायचा असतो. दोन, चार, सहा, आठ जोड्यांचे, म्हणून ते ठरवून दिल्यासारखे वाटतात. पाच मधोमध, शून्य आणि नऊ कडेला. कुठल्याच रांगेत न बसणारा सात मग सहज वाटतो. प्रश्न विचारणाऱ्याने आधीच 'उदाहरणार्थ सात' म्हटलं की सात सांगणाऱ्यांची संख्या घटते, कारण आता तो सहज राहिला नाही. सहजपणाचं सोंग सगळ्यांनी एकाच पद्धतीने वठवलं की उत्तर एकच येणार. साताऱ्यात गावाच्या नावातच हा अंक बसलेला, म्हणून संपादकांनी हा प्रश्न सांगलीतही विचारून पाहिला. तिथेही सातच पुढे. वर्गणीचा आकडा विचारलात तर मात्र दोन्हीकडे सात कुणी म्हणणार नाही, तिथे एकावन्न आणि एकशे एकच.

जादूगारांची याहून धूर्त चाल म्हणजे 'एक ते पन्नासमधली दोन अंकी संख्या धरा, दोन्ही अंक विषम आणि वेगवेगळे, म्हणजे पंधरासारखी'. ऐकणाऱ्याला पन्नास दारं उघडी दिसतात. मोजून पाहा, अटीत बसणाऱ्या संख्या आठच: 13, 15, 17, 19, 31, 35, 37, 39. पंधरा उदाहरणात गेली, उरल्या सात. त्यातही दहाच्या घरातल्या नको वाटतात, कारण उदाहरण तिथलंच होतं. आता सदतीस ओळखण्यात काय कर्तबगारी राहिली? आणि ओळख चुकली तर जादूगार हसून पुढचा खेळ काढतो. घरी जाताना लोक बरोबर आलेलंच सांगत जातात.

तिसऱ्या जातीचे प्रश्न सापळ्याचे. 'पांढरा' हा शब्द दहा वेळा म्हणायला लावायचा आणि विचारायचं, गाय काय पिते? "दूध!" शाळेत हा प्रश्न ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. 1971 मध्ये मेयर आणि श्व्हानेव्हेल्ट यांनी दाखवलं की 'नर्स' शब्द वाचल्यावर 'डॉक्टर' हा शब्द जास्त चटकन ओळखता येतो. एका शब्दाने शेजारचा जागा होतो. पांढऱ्याने आणि गाईने मिळून दूध आधीच जागं केलेलं असतं, पाण्याला कुणी उठवलेलंच नसतं. हिशेबातला सापळा शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये मांडला, तो बॅट आणि चेंडूचा. आपण तो साताऱ्याच्या दुकानात आणू. कंदी पेढे आणि त्यांचा शोभेचा डबा मिळून 110 रुपये. पेढे डब्यापेक्षा 100 रुपयांनी महाग. डबा कितीचा? दहा म्हणालात तर पेढे 110 चे झाले आणि बिल 120 वर गेलं. डबा पाच रुपयांचा. हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या मुलांतही निम्म्याहून अधिक इथे अडखळले असं डॅनियल काहनेमन यांनी लिहून ठेवलं आहे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. बाजारात बसणारी बाई इथे फसत नाही असा माझा अंदाज, ती बिल पुन्हा जोडून बघते.

यापेक्षा वेगळा, आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा प्रश्न पुस्तकात अगदी शेवटी टाकला आहे. एका अनोळखी माणसाला साताऱ्यात भेटायचं, जागा ठरलेली नाही, फोन नाही. कुठे उभे राहाल? थॉमस शेलिंग यांनी 1960 च्या 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' या पुस्तकात न्यूयॉर्कबद्दल हेच विचारलं आणि सर्वांत जास्त उत्तरं आली ग्रँड सेंट्रल स्टेशनची, वेळ दुपारी बाराची. नाण्याचा छापा की काटा हा प्रश्न त्यांनी टाकला, अट एवढीच की दोघांचं उत्तर जुळावं. 42 पैकी 36 जणांनी छापा म्हटलं. इथे लोक मनातलं पहिलं देत नाहीत. समोरचा काय म्हणेल, आणि मी काय म्हणेन असं त्याला वाटेल, याचा विचार करून देतात. शेलिंग यांना 2005 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संघर्ष आणि सहकार्याच्या अशाच गणितासाठी. पण एक बारकी गोष्ट लोक विसरतात: त्यांनी ज्यांना विचारलं ते न्यू हेवनचे होते आणि न्यू हेवनची रेल्वे ग्रँड सेंट्रललाच उतरवते. साताऱ्याचंही तसंच. कोरेगाव-वडूजकडून एसटीने येणारा स्टँड सांगेल, शहरात वाढलेला पोवई नाका किंवा राजवाडा. सांगलीत कृष्णाकाठच्या गणपती मंदिराला फारसा प्रतिस्पर्धी नसावा.

हे सगळं इथवर करमणुकीचं. पण हीच युक्ती गादीवर बसून केली की तिचा बाबा होतो. "घरात कुणाचं तरी पोटाचं दुखणं आहे", "जवळच्या माणसाने दगा दिलाय", "तुम्ही करता सगळ्यांचं, तुमचं कुणी करत नाही". हे ऐकून मान न हलवणारं माणूस दाखवा. बर्ट्रम फोरर यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं खास म्हणून स्वभाववर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मग कळलं की वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

हे इथे लिहिण्याला कारण आहे. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, साताऱ्यात दवाखाना चालवला आणि 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचं वार्तापत्र सांगलीहून निघतं. समितीचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत जाऊन नारळातून करणी काढून दाखवत, जिभेतून त्रिशूळ आरपार करत आणि मग ते कसं केलं हेही सांगत. बाबा पहिल्या भागापाशी थांबतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. या पुस्तकातल्या प्रत्येक खेळाखाली तो का जमतो हे लिहावं, असा आग्रह मी संपादकांकडे धरला तो याच परंपरेला धरून. त्यांनी तो बराचसा मानला. पत्त्यांच्या प्रकरणात मात्र बदामची राणी आणि इस्पिकचा एक्का लोक वारंवार का निवडतात यावर दोनच ओळी आहेत, तिथे अजून लिहायला हवं होतं.

वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. उत्तर तोंडी घेऊ नका, सगळ्यांना आधी कागदावर लिहू द्या. पहिल्याचं ऐकून दुसरा बदलतो. आणि चुकलेली उत्तरं खोडू नका. शेवटी संपादकांनी कोरी पानं ठेवली आहेत ती त्यासाठीच.

एक उणीव त्यांनीच दाखवून दिली. जत तालुक्याच्या सीमेलगतच्या गावांत, जिथे घरात कन्नड बोललं जातं, तिथे घोड्याचा खेळ अडतो. गणित नीट होतं, चौथं अक्षरही घ येतं, पण घोडा कन्नडात 'कुदुरे', आणि घ वरून झटकन प्राणी सुचत नाही. मुलं एकमेकांकडे बघत बसतात. वजा करायचा आकडा पाचाऐवजी आठ केला तर पहिलं अक्षर, म्हणजे क, येतं आणि कुदुरे हाताशी लागते. पण क वरून अस्वलही येतं, कारण ते कन्नडात 'करडी'. दोघांत पुढे कोण येतं, हे पुढच्या आवृत्तीच्या आधी जतला जाऊन विचारून यायचं संपादकांनी ठरवलं आहे.